सापडला नाही, हेही लिहायचं असतं

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

हाताबद्दल या पत्रात एक अक्षरही काढायचं नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे. परवा फोनवर झालं तेवढं पुरे झालं. मी आवाज चढवला, तू त्याच्यावर चढवलास, शेवटी ताईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. पत्राचं एक बरं असतं, मधे कोणाला तोंड घालता येत नाही.

प्लास्टर किती तारखेला निघणार, तेवढं मात्र कळव. उजवा हात आहे म्हणून विचारते.

तर तुझ्या त्या जिओकॅशिंगवर, उपग्रहांवरून जागा ओळखून लपवलेली डबी हुडकायच्या खेळावर, माझा राग नाही, हे आधी सांगते. पहिल्यांदा तू म्हणालास, "आई, रविवारी कॅश शोधायला जातोय," तेव्हा मला वाटलं तुला पैशांची अडचण आली आहे. बाबांनाही तेच वाटलं, ते कपाट उघडायला उठलेसुद्धा होते. मग तू फोटो दाखवलास, तुमची कॅश म्हणजे ती लपवलेली डबी. कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी, आत कागदाची सुरळी आणि त्यावर कोण कुठल्या लोकांची नावं आणि तारखा. बाबांनी विचारलं, "मग यात मिळतं काय?" तू म्हणालास, "नाव लिहायला मिळतं." बाबा हसले. मी हसले नव्हते, आठवतं का? मला ते तेव्हाच पटलं होतं.

पण "टेरेन फक्त साडेतीन होतं" हे काही मला पटत नाही. पाचपैकी साडेतीन आणि वर फक्त! मी आता सगळं वाचून काढलं आहे, त्यामुळे मला उडवून लावू नकोस. पहिला आकडा डिफिकल्टीचा, म्हणजे डबी हुडकायला किती अवघड. दुसरा टेरेनचा, म्हणजे तिथवर पोचायला किती अवघड. टेरेन एक असेल तर चाकाच्या खुर्चीतून जाणाऱ्यालाही पोचता आलं पाहिजे. टेरेन पाच म्हणजे होडी, दोरखंड असलं काहीतरी खास सामान लागणार. साडेतीनला दोर लागेल असं कोणी म्हणत नाही, पण पाऊस पडून गेल्यावर, अंधारून येताना, एकट्यानं त्या शेवाळलेल्या भिंतीवर चढावं असंही कोणी म्हणत नाही. चाळीस मिनिटं तू खाली पडून होतास, फोन पाच हातांवर. आणि मला हे कळलं नवव्या दिवशी, तेही ताईकडून.

बघ, आलंच. सोडते.

हे सगळं सुरू कसं झालं ते वाचताना मला फार गंमत वाटली. तुला ठाऊक असेल, तरी सांगते. उपग्रहांवरून येणारा सिग्नल अमेरिकेनं सामान्य माणसांसाठी मुद्दाम बिघडवून ठेवला होता, जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचा. २ मे २००० ला त्यांनी तो बिघाड काढून टाकला. लगेच दुसऱ्या दिवशी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं एक काळी बादली जंगलात ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि इतर काय काय घातलं आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकून दिले. तीन दिवसांत दोघांना ती सापडली. त्याची ती बादली अर्धीअधिक जमिनीत होती म्हणे, आता मात्र जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय खणायचं नाही असा नियम आहे.

मे २०००. तुला कांजिण्या झाल्या होत्या तो महिना. तू खाजवू नयेस म्हणून मी रात्र रात्र तुझे दोन्ही हात धरून बसायचे. आणि त्याच दिवसांत हा कोण माणूस बादली घेऊन जंगलात निघाला होता, पुढे तुझा तोच हात मोडायला! पुन्हा हातच आला. माफ कर.

आता जे सांगायचं आहे ते सांगते, आणि तू हसायचं नाहीस.

गेल्या खेपेला तू माझ्या फोनवर ते अ‍ॅप टाकून गेलास. ताईचं बोलणं ऐकल्यावर मी ते काढूनच टाकणार होते. मग म्हटलं, बघू तरी माझ्या लेकराचा हात कशापायी मोडला. उघडलं, तर नकाशावर हिरवे ठिपके. त्यातला एक माझ्या रोजच्या फिरायच्या वाटेवर, जिथे मी कठड्याला टेकून दम खाते त्याच जागी. दुसऱ्या दिवशी गेले. बाण दाखवत होता सात मीटर. मग चार. मग सहा, परत चार, आणि एकदम अकरा. मी त्या बाणामागे घाण्याच्या बैलासारखी फिरत होते. शेवटी तुझं बोलणं आठवलं की अखेरच्या चारपाच पावलांत फोनवर विसंबायचं नाही. फोन पिशवीत टाकला आणि कठड्याच्या खालच्या अंगाला बोटं फिरवायला लागले. गंज, खरखर, कोळिष्टक, परत गंज. आणि मग एका जागी गुळगुळीत. ओढलं तर टक्कन सुटलं. करंगळीच्या नखाएवढी डबी, पाठीला लोहचुंबक. इतकी वर्षं मी तिथे हात टेकवते आहे रे, आणि ती माझ्या हाताखाली वीतभरावर होती.

तेवढ्यात दोन मुलं चालत आली. तुम्ही ज्यांना मगल म्हणता, खेळाबाहेरची माणसं. मी पटकन खाली वाकून बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. मुलं पुढे गेल्यावर लक्षात आलं, पायात चपला आहेत.

आतली सुरळी इतकी बारीक की केसातली पिन घालून काढावी लागली. आणि काढल्यावर कळलं, पेनच नाही. परत घरी. पेन घेतलं, परत कठडा. आयुष्यभर माझी सही कुठे झाली, तर तुमच्या दोघांच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून, नाहीतर बाबांच्या अर्जावर साक्षीदार म्हणून. इथे पहिल्यांदा नुसतं मी आले होते एवढंच सांगायचं होतं. आणि लिहिलं काय, तर "अनिकेतची आई". हात सवयीनंच गेला. दुसऱ्या डबीवर मात्र माझं नाव आहे, तारखेसकट.

त्या दिवशी घरी येताना मला किल्ली आठवली. तू आठ वर्षांचा होतास. कपाटाची किल्ली लपवून तू घरभर चिठ्ठ्या ठेवल्या होत्यास, "जिथे पाणी आहे पण नदी नाही", "जिथे आजी दुपारी असते". चिठ्ठीमागून चिठ्ठी माळ्यापर्यंत जायची. मला कामावर जायला उशीर होत होता. मी दुसरी चिठ्ठी वाचलीच नाही, सरळ थोबाडीत दिली. तू रडत रडत माळ्यावर चढलास आणि किल्ली आणून दिलीस. उरलेल्या चिठ्ठ्या मी संध्याकाळी गोळा केल्या. सात होत्या. शेवटच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "शाब्बास आई". त्या माझ्याजवळ आहेत, कुठे ते सांगत नाही, तुला शोधता येतील.

त्या थोबाडीतची माफी मी कधी मागितली नव्हती. आता मागते. आणि कधी कधी वाटतं, तू मला काही सांगत नाहीस त्याची सुरुवात तिथूनच झाली की काय. उगाच वाटतं. की नाही?

नाद कसा लागतो ते आता मला कळलं आहे. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे ना, म्हणजे पुढची तेवढ्यावरच असू शकते. एवढी एक बघू आणि फिरू मागे, म्हणता म्हणता ऊन डोक्यावर येतं. खुणेची गूढ ओळसुद्धा मी वहीत सोडवते. इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं, 'ए'चा 'एन', 'बी'चा 'ओ'. ताई म्हणाली, अगं एक बटण दाबलं की ते अ‍ॅपच सांगतं. सांगू दे. मला ती मजा बटणाला द्यायची नाही.

आणि मला एक सोय आहे जी तुला नाही. पिशवी घेतलेली, चष्मा लावलेली बाई कठड्याखाली चाचपत असेल तर लोकांना वाटतं हिचं काहीतरी पडलं आहे. तुझ्यासारखा दाढीवाला उंच मुलगा अंधारात पुलाखाली शिरला तर? इंग्लंडमध्ये वेदरबी गावात २०११ साली असाच कोणीतरी डबीशी खटपट करताना दिसला, बघणाऱ्याला संशय आला आणि बॉम्बपथकानं येऊन ती डबी उडवून दिली. म्हणून म्हणते, दिवसाउजेडी जा. जाताना कोणाला तरी बरोबर घे. फोन पूर्ण भरून घे, वर ती वेगळी बॅटरी घे, पायात धड बूट घाल, डबी हातभर उंचीवर असली तरी दगड आधी हलवून बघ, नुसत्या हातानं बिळात कपारीत चाचपू नकोस...

हे लांबत चाललं. शाळेतल्या बाईंसारखं झालं, माहीत आहे. तू तीस वर्षांचा होत आलास.

पण मला एक गोष्ट सुचली आहे, तेवढी ऐक. तुमच्या खेळात डबी सापडली नाही की तसं लिहायचं असतं. डीएनएफ, म्हणजे 'डिड नॉट फाइंड'. तू लिहितोस, मी तुझं पान उघडून पाहिलं आहे. "दोन वेळा गेलो, तासभर शोधलं, सापडली नाही." किती सरळ लिहितोस! लाज नाही, लपवालपवी नाही. ते वाचून डबीच्या मालकाला कळतं की डबी जागेवर आहे का बघून यायला हवं, मागून येणाऱ्याला कळतं की जपून. ज्या माणसाचं तू तोंडही पाहिलेलं नाहीस त्याला तू हे कळवतोस. आणि मी नऊ रात्री विचारत होते, "बरा आहेस ना?" तर मला काय, "हो गं, मजेत."

तुझा तो पत्र्याचा बिल्लासुद्धा बघ. नंबर कोरलेला, या डबीतून त्या डबीत हिंडणारा. तू तो सोडलास तेव्हापासून पाच जणांनी उचलला आणि पाचही जणांनी नोंद केली, इथून घेतला, तिथे ठेवला. मी रोज रात्री बघते. म्हणजे तुझ्या बिल्ल्याचा ठावठिकाणा मला असतो, तुझा नसतो.

हे सगळं मी तुला ऐकवते आहे आणि माझं काय, तेही आता लिहूनच टाकते, नाहीतर मला कुठल्या तोंडानं बोलता येईल? तिसऱ्या डबीला मी पहाटे गेले होते. बाबांना सांगितलं, पाय मोकळे करून येते. कुठे ते सांगितलं नाही. दोन टप्प्यांची डबी होती. पहिल्या जागी खांब मोजून त्यावरून पुढचे आकडे काढायचे. मी तेराऐवजी चौदा मोजले आणि मिनिटाच्या दुसऱ्या दशांशात चूक गेली. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर, तेव्हा दुसऱ्या दशांशातला एक म्हणजे साडेअठरा मीटर. कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात मी पायवाट सोडून गवतात उतरले आणि गवताखाली खड्डा होता. गुडघ्यातून कळ गेली ती पार डोक्यात. एका दगडावर बसून राहिले. फोनमध्ये अकरा टक्के. ताईला लावावा असं मनात आलं, आणि पहिला विचार काय आला सांगू? आता ही ओरडेल. नकोच.

तेव्हा मला तुझी चाळीस मिनिटं कळली. सगळी नाही, थोडी.

गुडघा बरा आहे. सूज उतरली. डीएनएफ लिहिलं मात्र, पहिलंवहिलं: "खांब चुकीचे मोजले, पाय मुरगळला, पुन्हा येईन." त्यावर डबीच्या मालकानं निरोप पाठवला, "काकू, सावकाश या, डबी कुठे जात नाही." मी काकू आहे हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता तिथेच पुन्हा जाणार आहे. या वेळी बाबांना सांगितलं आहे. ते येणार नाहीत, पण खांब किती ते मी दोनदा मोजावेत असं त्यांचं म्हणणं आहे. आकडे शनिवारी रात्री तुला पाठवते. साडेआठपर्यंत माझा निरोप आला नाही तर तू फोन करायचास. तुझा हात बरा झाल्यावर, तू जाशील तेव्हा, तुझे आकडे माझ्याकडे. मी का, कशाला, एकटाच का, काही विचारणार नाही. निदान पहिल्या महिन्यात विचारणार नाही.

बाबा बरे आहेत. ताईचं तुला माहीतच आहे.

तुझी,
आई

ता. क. प्लास्टरची तारीख लिहायला विसरू नकोस. आणि गुडघ्याचं ताईला मी सांगेन, तू सांगू नकोस.