रांगेतल्या अनोळखी मंडळींचे आभार

जून २०२४ मध्ये मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने एकटाच गेलो होतो. माहितीपट, लघुपट, ॲनिमेशन, आमच्यासारख्यांची जत्राच! पेडर रोडला पोहोचलो तो भर पावसात, आणि ओळखपत्र गायब. टॅक्सीत पडलं असणार, माझाच वेंधळेपणा. मदतकक्षावरच्या ताईंनी एका शब्दानं न टोकता दुसरं करून दिलं.

रांगेत पुढच्या आजोबांनी अर्धी छत्री माझ्यावर धरली. त्यांचा डावा खांदा पार भिजला, तरी छत्री सरकली नाही. मी काय देणार? पिशवीतली जिरावणाची, म्हणजे आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी दिली. "ह्याचं करायचं काय?" त्यांनी वास घेत विचारलं. पोह्यांवर भुरभुरा, आजोबा!

नाव विचारायचं राहिलंच. दोघांचेही मनापासून आभार.