एपॉक्सीच्या कोटेशनमध्ये ओलीचा खर्च वेगळा दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपती जवळ आले की नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये जमिनीची कामं निघतात. कोकणातले कामगार गावी जातात, यंत्रं बंद असतात, माल हलवता येतो, तेव्हा मालकाला वाटतं की एपॉक्सी, म्हणजे कोब्यावर रेझिनचा कडक, चकचकीत थर, करून घ्यायला हीच सवड. सवड खरी आहे, पण खाडीकाठच्या आपल्या पट्ट्यात या कामाला याहून वाईट दिवस शोधून सापडायचे नाहीत. दरवर्षी नवी चकचकीत जमीन दिवाळीच्या आसपास फुगताना मी पाहते आहे. मी स्वतः रबाळ्याला पीठ-मसाल्याचं लहान युनिट चालवते, त्यामुळे हे पैसे कसे उभे केलेले असतात ते मला ठाऊक आहे.

आमच्यासारखे लोक या कामाकडे वळतात ते बहुधा परवान्यामुळे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या परवाना नियमांतल्या शेड्यूल ४ प्रमाणे जमीन पाणी न शोषणारी, गुळगुळीत आणि धुवायला सोपी हवी, रंगाचे पोपडे निघता कामा नयेत. एपॉक्सीच करा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट एपॉक्सीचे पोपडे निघाले तर ज्या नियमासाठी खर्च केला तोच मोडतो.

एपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं आणि वर पांढुरका, मेणचट थर धरतो. ठेकेदार त्याला ब्लश म्हणतात. तो धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा कोट मारला तर तो धरतच नाही. म्हणून उत्पादकांच्या माहितीपत्रकात अट असते, की जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता साधारण ८० ते ८५ टक्क्यांच्या वर नको. आता आपल्याकडचा पावसाळी दिवस घ्या. हवा ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. दवबिंदू येतो २७ अंशांच्या थोडा वर, म्हणजे जमीन ३० अंशांहून गरम हवी. तळमजल्याच्या सावलीतल्या गाळ्याची जमीन श्रावण-भाद्रपदात हवेपेक्षा गरम असेल, ही आशाच धरू नये.

ही झाली वरची ओल. खालची त्याहून वाईट. भरावाच्या जमिनीवर उभ्या असलेल्या जुन्या गाळ्यांत कोब्याखाली प्लास्टिकचा थर घातलेलाच नसेल, तर पावसाळ्यात भूजल वर आलं की वाफ काँक्रीटमधून वर चढते. उघड्या कोब्यातून ती बिनबोभाट निघून जाते. वर एपॉक्सीचं झाकण बसलं की ती तिथेच अडते, थर सुटतो, फुगे येतात, आणि हातगाडीचं चाक फिरलं की फुगा फुटतो. अशा वेळी मालकाला सांगतात की तुम्ही पाणी जास्त वापरता. पाणी वरून आलेलंच नसतं!

ओल तपासणं अवघड नाही. सुमारे दीड फूट लांब-रुंद पॉलिथिनचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा आणि किमान १६ तास तसाच ठेवायचा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं तर काम थांबवायचं. तुकडा कोरडा निघाला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये, ओलावा मोजणारा मीटर लावून घ्यावा. साध्या एपॉक्सीसाठी काँक्रीटमधला ओलावा ४ टक्क्यांच्या आत असावा लागतो आणि नवा कोबा असेल तर २८ दिवस तरी जाऊ द्यावे लागतात.

आता दराबद्दल. गाळेवाल्यांच्या हातात येणाऱ्या कोटेशनांत चौरस फुटाला तीस-पस्तीस रुपयांपासून शंभरच्या पुढेपर्यंत आकडे असतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. सगळ्यांवर नाव एकच, ‘एपॉक्सी फ्लोअरिंग’. एक लिटर मटेरियल एक चौरस मीटरवर पसरलं की जाडी होते एक मिलिमीटर. हा हिशोब प्रत्येकाने पाठ करावा. १,५०० चौरस फुटांचा गाळा म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटर. २०० मायक्रॉनचा, म्हणजे ०.२ मिलिमीटरचा कोट असेल तर २८ लिटर पुरतं, २ मिलिमीटरचा सेल्फ-लेव्हलिंग (ओतल्यावर आपोआप सपाट होणारा) थर हवा असेल तर २७८ लिटर लागतं. आलेले डबे मोजले तरी कळतं की आपण नेमकं काय विकत घेतलं. सॉल्व्हंट (पातळ करणारं द्रावक) असलेलं मटेरियल असेल तर त्यातलं काही उडूनच जातं, ते वेगळं.

स्वस्त कोटेशनमध्ये जे गाळलेलं असतं ते सगळं थराच्या खालचं असतं: ओलीची तपासणी, ग्राइंडिंग (यंत्राने कोबा घासणं), व्हॅक्यूमने धूळ काढणं, ओलाव्याला टिकणारा प्रायमर (पहिला, धरून ठेवणारा हात) किंवा एपॉक्सी-सिमेंटचा मधला थर. किनारपट्टीवर खरा खर्च इथेच आहे आणि तो टाळून पैसे वाचत नाहीत. कारण थर सुटला तर आधी सगळा खरवडून काढावा लागतो, यंत्रं पुन्हा हलवावी लागतात, उत्पादन पुन्हा बंद राहतं, आणि यातलं काहीही पहिल्या दरात धरलेलं नसतं. हमीपत्रात ‘जमिनीखालील ओल वगळून’ असे शब्द असतील तर ती हमी आपल्या भागात निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्या गाळ्यात ओल थांबतच नाही तिथे कोटा फरशी किंवा चांगली लादी घालून सांधे एपॉक्सी ग्राउटने (सांधे भरायच्या एपॉक्सीच्या लगद्याने) भरावेत. दिसायला साधं, पण टिकतं. उकळतं पाणी सांडत असेल तर साधं एपॉक्सी नकोच, पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट महाग असलं तरी तेच योग्य. आणि एपॉक्सीच करायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, दुपारच्या वेळी. मे महिन्यात उन्हाळ्याने मिश्रण बादलीतच घट्ट होऊ लागतं.

माझी विनंती ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या ‘टिसा’ या लघुउद्योजकांच्या संघटनेला आहे. सभासदांना भाड्याने देण्यासाठी काँक्रीटचा मॉइश्चर मीटर आणि तापमान-आर्द्रता मोजणारं उपकरण ठेवावं. एमआयडीसीशी बोलून कोटेशनचा एक मराठी नमुना तयार करावा. जाडी, लिटर, ओलीचं मोजमाप, ग्राइंडिंग आणि प्रायमर यांचे दर त्यात वेगवेगळ्या रकान्यांत असावेत. मोठ्या कारखान्यांकडे हे बघायला अभियंते असतात. दोन-तीन गाळ्यांच्या मालकाकडे फक्त ठेकेदाराचा शब्द असतो. नमुना दिवाळीपूर्वी हाती आला तर या हिवाळ्यातल्या कामांना त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक लघुउद्योजिका, रबाळे, नवी मुंबई