आमच्या शाळेच्या मिस्त्री भाऊंना

आदरणीय मिस्त्री भाऊ,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत फरशीचं काम करता करता तुम्ही पाचवीच्या मुलांना परिमिती आणि क्षेत्रफळ समजावून गेलात. तेव्हा तोंडी आभार मानले होते, पण नागपुरातल्या इतर शिक्षकांनाही ते कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मुलांना सूत्रं पाठ असतात. कुठलं कुठे लावायचं, तिथे गाडी अडते. तुम्ही सांगितलंत, फरशीचा हिशोब चौरस फुटात आणि भिंतीलगतच्या पट्टीचा, म्हणजे स्कर्टिंगचा, रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर. मग टेप मुलांच्याच हाती दिलात. खोली २० बाय १६ फूट. क्षेत्रफळ ३२० चौरस फूट, म्हणजे दोन बाय दोनच्या ८० फरश्या. परिमिती ७२ फूट. दाराच्या चार फुटांत स्कर्टिंग बसत नाही, म्हणून पट्टी ६८ फूटच. ती वजाबाकी एका मुलीने आपणहून केली. तिला तुम्ही म्हणालात, "बराब्बर! आता बिल तूच लिही."

फूटभराच्या उरलेल्या बारा फरश्यांचा खेळ तर मी विसरूच शकत नाही. एका रांगेत मांडल्या तेव्हा कडा २६ फूट भरली, सहा-सहाच्या दोन रांगांत १६, चार-चारच्या तीन रांगांत १४. फरश्या तेवढ्याच! मग तुम्ही कोपऱ्यातली एक फरशी उचललीत आणि विचारलंत, आता कडा किती? बहुतेकांनी १२ सांगितलं. बोट फिरवत मोजलं तर पुन्हा १४. "कोपऱ्यात पिलर आला तं फरशी कमी लागते, पट्टी तेवढीच लागते," हे तुमचं वाक्य मुलांनी वहीत उतरवून घेतलं. क्षेत्रफळ घटलं की परिमितीही घटणारच, ही समजूत मोठ्यांचीही असते. ती मोडायला मला याहून सोपी रीत माहीत नाही.

तुमचं सूत घेऊन आम्ही पुढे मैदानावर २४ फुटांचं कडं केलं. चौघांनी कोपरे धरले, गुण्या लावून काटकोन तपासले. सहा बाय सहाच्या चौरसात मुलं ऐसपैस बसली. अकरा बाय एकच्या पट्टीत एकामागे एक उभं राहावं लागलं. ३६ आणि ११ चौरस फुटांतला फरक सांगायला फळा लागलाच नाही.

रोजंदारीचा वेळ मोडून तुम्ही हे केलंत, याची मला जाणीव आहे. मुलांचा प्रत्येक प्रश्न तुम्ही गुडघ्यावर बसून, हातातली थापी बाजूला ठेवून ऐकलात.

आता घनफळ येतंय. कन्हानची रेती ब्रासमध्ये कशी मोजतात, एका ब्रासचा म्हणजे १०० घनफुटांचा ढीग केवढा दिसतो, हे मुलांना तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. सवड असेल त्या दिवशी नक्की या, भाऊ. डबा आमच्यासोबतच खा.

आपली,
पाचवीच्या वर्गाची बाई