बॅटरीतलं ॲसिड गटारात ओता, हे कसं काय छापलंत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतल्या घरगुती टिपा वाचल्या आणि अजून राग गेलेला नाही. बाकीच्या टिपा ठीक आहेत, पण कारची जुनी बॅटरी भंगारात द्यायच्या आधी आतलं ॲसिड भरपूर पाणी घालून गटारात सोडा म्हणजे ती 'सुरक्षित' होते, हे छापण्याआधी तुमच्याकडे कोणी वाचलं तरी होतं का? बॅटरी द्यायची ती जशीच्या तशी, ॲसिडसकट, आडवी न करता, जिथून नवी घेतो तिथंच परत. एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

हे प्रत्यक्ष बघितलंय म्हणून एवढी चिडलेय. आम्ही गाडी ज्या गॅरेजमध्ये देतो तिथं बॅटरी बदलायची होती, तर तिथल्या पोराने जुनी उचलली, मागच्या भिंतीपाशी नेली आणि नाल्याच्या जाळीवर सरळ उलटी धरली, हातात ग्लोव्ह्ज नाहीत, डोळ्यांवर काही नाही, शर्टाला आधीचीच भोकं पडलेली. मी ओरडले तर मालक म्हणतात, अहो मॅडम, रिकामी केली की हलकी होते, आणि पाणी मारलंय की वरून! पोरगा तसाच हात पँटला पुसून चहा प्यायला बसला. मी वाद घातला, मालकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या गाडीकडे वळले. आता तेच मालक तुमचा पेपर दाखवतील मला, बघा मॅडम, पेपरातसुद्धा आलंय.

लोकांना वाटतं भीती फक्त ॲसिडची. ॲसिड भाजतं ते दिसतं तरी, आणि सोडा टाकून त्याचा जोर मोडता येतो. पण बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, प्लेटांचा झडलेला गाळ तळाशी बसलेला असतो आणि उलटी केली की तो ॲसिडबरोबर बाहेर येतो. शिसं कुजत नाही, विरत नाही, पाणी मारलं तर फक्त पुढे सरकतं. लहान मुलांच्या पोटात गेलं तर मोठ्यांच्या चार-पाच पट त्यांच्या अंगात शोषलं जातं आणि मेंदूवर परिणाम होतो तो कायमचा. किती शिसं चालेल याची सुरक्षित मर्यादाच माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुम्ही गटारात ओता म्हणता!

सेनेगलमध्ये डकारजवळ थियारॉय-सुर-मेर म्हणून वस्ती आहे, तिथं लोक घराजवळच जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे, मातीतलं शिसं चाळून विकायचे. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ मध्ये तिथली १८ मुलं गेली. २०२० मध्ये युनिसेफच्या अहवालात आलं की जगातल्या साधारण दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, आणि त्यात अशा उघड्यावरच्या बॅटरी फोडण्याचा हात मोठा आहे. हे सगळं जाहीर आहे, शोधायला फार वेळ लागत नाही.

आणि वाईट याचं वाटतं की ही वस्तू जवळजवळ सगळीच्या सगळी परत वापरता येते. नीट कारखान्यात बंद मशीनमध्ये बॅटरी फोडतात, पाण्यात प्लॅस्टिक वर तरंगतं, शिसं खाली बसतं, प्लॅस्टिकचे परत डबे होतात, शिशाच्या परत प्लेटा, ॲसिडवरसुद्धा प्रक्रिया होते. पण त्यासाठी बॅटरी तिथंपर्यंत न फोडता, न सांडता पोचली पाहिजे. घरी पडून असेल तर टर्मिनलवर टेप लावा, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये उभी ठेवा, मुलांपासून लांब. फुगलेली किंवा तडकलेली असेल तर नुसत्या हाताने उचलू नका.

अजून एक, या टिपांखाली लिहिणाऱ्याचं नाव कधीच नसतं. मग विचारायचं कोणाला? मागे डासांच्या औषधाबद्दल असंच काहीतरी चुकीचं आलं होतं, तेव्हाही मी लिहिलं होतं, तुम्ही पत्र छापलंत पण मुख्य वाक्य गाळून. या वेळी कृपया गाळू नका. आणि दुरुस्ती येत्या पुरवणीत त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्या, आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळी नकोत, कारण ज्यांनी ती टीप कापून ठेवलीय ते तिथं बघणार नाहीत.

आपली,
एक नियमित वाचक