मासळीच्या गाड्यांची तपासणी पेटीपुरतीच का?

संपादक महोदय,

मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरल्याच्या प्रकरणानंतर 2018 मध्ये गोवा सरकारने परराज्यांतून येणाऱ्या मासळीसाठी उष्णतारोधक वाहने आणि अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी सक्तीची केली. निर्णय योग्यच होता. पण राज्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी किंवा पोळे नाक्यावर गाडी ‘इन्सुलेटेड’ आहे एवढे पाहून भागत नाही. आतला थंडावा किती डिझेल, किती वीज आणि थंड करणारा किती गॅस खाऊन टिकतो, हेही तपासायला हवे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत मासळी लांबून येते, तेव्हा तर हा खर्च कितीतरी वाढतो.

आधी बर्फ. 30 अंशांवरची 1,000 किलो मासळी शून्यावर आणण्यातच सुमारे 325 किलो बर्फ वितळतो. बाकीचा बर्फ भिंतींतून आणि दारातून शिरणाऱ्या उष्णतेत जातो, म्हणून लांब पल्ल्याला मासळीइतकाच बर्फ घालतात. टनभर लादी बर्फाला साधारण 50 ते 60 युनिट वीज लागते. गाडीवरची मासळीची पेटी धड नसेल तर ती वीज रस्त्यावर वाहून जाते. पेटीची पीयूएफची (पॉलियुरेथेन फोमची) भिंत 75 ते 100 मिलिमीटर जाड असते. तिच्यात हुक ठोकायला भोके पाडली की पेटी धुताना पाणी फोममध्ये मुरते आणि ओला फोम उष्णता अडवत नाही. बाहेरून पेटी नव्यासारखीच दिसते. दाराचे रबर बहुधा खालच्या कोपऱ्यात फाटते. दारात कागद धरून दार लावावे. कागद अलगद ओढून निघाला तर रबर बदलायला झाले. भरतानाही घाई नडते: सगळा बर्फ तळाला टाकला की वरच्या क्रेटमधला बांगडा मडगावला पोचेपर्यंत मऊ पडतो. बर्फ थराथरांत हवा, आणि वितळलेले पाणी खालच्या टाकीत साठायला हवे. ते महामार्गावर सांडते तेव्हा दुचाकी घसरतात, हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

त्याहून गंभीर बाब रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या गाड्यांची. निर्यातीची गोठवलेली मासळी शीतगृहापासून बंदरापर्यंत उणे 18 अंशांवर न्यावी लागते. बऱ्याच ट्रकांवरच्या यंत्रांत आर-404ए हा गॅस असतो आणि त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 3,900 पट आहे. 1 किलो गॅस गळाला तर साधारण 1,450 लिटर डिझेल जाळण्याएवढे नुकसान होते. घाटातल्या हादऱ्यांनी नळ्यांच्या जोडांचे फ्लेअर नट सैल होतात, लवचीक नळ्या घासतात, कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवती गॅस अडवणारे शाफ्ट सील झिजते. थंडावा कमी झाला की गाडी गॅरेजात नेऊन गॅस भरून घेतात, गळती तशीच राहते आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. खरी पद्धत अशी: उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासा, दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने पूर्ण निर्वात करा, मगच वजन करून गॅस भरा. आर-404ए हे मिश्रण असल्याने ते द्रवरूपातच भरावे लागते, नाहीतर घटकांचे प्रमाण बिघडते.

आर-404ए सारख्या एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गॅसांचा वापर घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातली किगाली दुरुस्ती भारताने 2021 मध्ये मान्य केली आहे. त्यानुसार या वर्गातल्या गॅसांचा वापर 2028 पासून गोठवायचा आणि 2032 पासून घटवत न्यायचा आहे. गळती शोधण्याची सवय आत्ताच लावून घेणे वाहतूकदारांच्याच फायद्याचे आहे.

तिसरी गोष्ट करायला सर्वांत सोपी आहे. माल उतरायची वाट पाहत रीफर उभी असते तेव्हा यंत्राचे डिझेल इंजिन तासाला साधारण 2 लिटर इंधन जाळते, म्हणजे 5 किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. बऱ्याच यंत्रांना थ्री-फेज विजेवर चालणारी स्टँडबाय मोटर असते, पण जोडायला सॉकेटच नसते. वीज बहुतांश कोळशाची धरली तरी उत्सर्जन कमी होते, आणि बाजारातला आवाज व धूर थांबतो तो वेगळाच.

मडगावच्या घाऊक मासळी बाजारात आणि मालीम व कुटबणच्या जेटींवर 415 व्होल्टचे, पावसापासून संरक्षित, मीटर बसवलेले सॉकेट येत्या बंदीकाळाआधी बसवावेत. वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना दाराच्या रबराची तपासणी, प्रवासातली तापमानाची नोंद आणि वर्षभरात किती किलो गॅस भरला याची वही मागावी. वर्षातून दोनदा गॅस भरलेल्या गाडीला गळती दुरुस्तीचा दाखला आणल्याशिवाय मुदतवाढ देऊ नये.

— शीतयंत्र दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक, वेर्णे