विमान वळते ते पंखांनी

महोदय,

विमान शेपटीच्या सुकाणूने वळते, हा समज अजूनही पक्का आहे. खरे तर विमानाला वळवतात ते पंख. विमान कलले की पंखांची लिफ्टही, म्हणजे विमानाला वर उचलणारे बलही, कलते आणि तिचा आडवा भाग विमानाला वळणाच्या आत ओढतो. सुकाणू म्हणजे रडर फक्त नाक वळणाच्या रेषेत ठेवतो. तसे असले की वैमानिकासमोरच्या दर्शकातली, विमान बाजूला घसरते का ते दाखवणारी गोळी मध्यभागी राहते.

लिफ्ट कलली की वजन पेलणारा तिचा उभा भाग घटतो. उंची टिकवायची तर स्टिक (नियंत्रणाचा दांडा) मागे ओढून एकूण लिफ्ट वाढवावी लागते: ३० अंशांच्या कलाला वजनाच्या १.१५ पट, ४५ ला १.४१ पट, ६० ला थेट दुप्पट. स्टॉल म्हणजे पंखावरचा हवेचा प्रवाह तुटून लिफ्ट कोसळणे; स्टॉलचा वेग या पटीच्या वर्गमुळाने चढतो. सरळ उड्डाणात ५० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) स्टॉल होणारे विमान ३० अंशांत ५४ नॉटला, तर ६० अंशांत ७१ नॉटला स्टॉल होते. पहिल्या तीस अंशांनी चार नॉट वाढतात, पुढच्या तीस अंशांनी सतरा! म्हणून स्टॉलचा वेग हा एकच ठरलेला आकडा मानणे घातक आहे. तो वाढतो तेही नुसत्या कलण्याने नव्हे, मागे ओढलेल्या स्टिकमुळे.

जास्त कलण्याचा मोह समजण्यासारखा आहे. ७० नॉटला ३० अंशांत वळणाची त्रिज्या सुमारे २३० मीटर असते, ४५ अंशांत १३० च्या आसपास येते.

सर्वांत वाईट चूक घडते धावपट्टीकडे वळतानाच्या शेवटच्या वळणात. मागून वारा असला की विमान धावपट्टीची मध्यरेषा ओलांडते. जमीन जवळ असल्याने वैमानिक आणखी कलायला कचरतो आणि आतला रडर दाबून नाक फिरवतो. बाहेरचा पंख वेगाने पुढे जातो, कल वाढतो. तो रोखायला उलट एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, कल बदलणारी हलती पट्टी) दिला, की आतल्या पंखाचा एलेरॉन खाली झुकून त्या पंखाचा आघातकोन (समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन; तो फार वाढला की स्टॉल होतो) आणखी वाढवतो. नाक झुकते म्हणून स्टिक मागे येते, आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकीत जाते. त्यातून सावरायला तेवढ्या उंचीवर जागाच नसते.

मध्यरेषा ओलांडलीच, तर कल ३० अंशांपुढे नेऊ नये, गोळी मध्यभागी ठेवावी, आणि तेवढ्यात जमत नसेल तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा फेरी घ्यावी. स्टॉलचा इशारा वाजलाच तर आधी स्टिक पुढे, पंख सरळ करणे त्यानंतर.

– एक वाचक