टाचा तासू नका, तपासून घ्या : मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

काळाचौकी, शिवडी, कॉटन ग्रीन या पट्ट्यातली आपली कितीतरी माणसं दिवसभर पायांवर उभी असतात. माथाडी, सफाई कामगार, घरकामाला जाणाऱ्या मावश्या, डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या मासेवाल्या. त्यांच्या पायांच्या तपासणीचं शिबिर भरवायचं मंडळाने ठरवलं आहे. त्यासाठी तुमचा हातभार हवा आहे.

तळपायाला एकाच जागी सारखा दाब बसला, चप्पल घासत राहिली, की तिथली कातडी जाड होते. तेच घट्टे, मधोमध टोचणारा कठीण खडा असला तर कुरूप. टाचेची जाड कातडी कोरडी पडून फाटते. रात्री चादरीचे धागे अडकावेत इतक्या खोल भेगा आपल्याच घरांत आहेत, आणि त्यावर घरोघरी एकच इलाज: ब्लेडने तासणं!

मधुमेह असलेल्यांनी तर हे कधीच करू नये. त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांची जाणीव कमी झालेली असते. घट्टा आतल्या मांसावर दाब देत राहतो, खालच्या खाली जखम होते, आणि दुखत नाही म्हणून कुणी पाहत नाही. ती चिघळली तर बोट, कधी पाऊलही कापावं लागतं. मेडिकलमधली कुरूपाची पट्टीही त्यांनी परस्पर लावू नये. तिच्यातल्या सॅलिसिलिक ॲसिडने चांगली कातडीही भाजते.

इतरांना रोज वज्री हलक्या हाताने फिरवून, पाय पुसल्यावर लगेच युरियाचं मलम लावलं तरी पुष्कळ फरक पडतो. युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो आणि तिला मऊ करतो. पण सोरायसिसमुळे, बुरशीमुळे किंवा जन्मतःही कातडी जाड असू शकते, म्हणून शिबिरात त्वचारोगतज्ज्ञ हवेतच. पायांची जाणीव तपासायला १० ग्रॅमचा नायलॉन तंतू पुरतो; तो तळपायाला टेकवला की १० ग्रॅम इतक्या दाबाला वाकतो, आणि तो स्पर्श कळतो का ते पाहायचं.

युरियाचं मलम आणि मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या, स्पंजासारख्या) रबराच्या चपला यांवरच मुख्य खर्च आहे. ५०० रुपये दिलेत तरी मोलाचे. डॉक्टर, नर्स आणि चपलांची मापं घ्यायला चांभारकाम जाणणारे कुणी असतील तर त्यांनी आवर्जून यावं. वापरलेल्या चपला मात्र आणू नका; त्या दुसऱ्याच्या पावलाप्रमाणे झिजलेल्या असतात, त्यातूनच नवे घट्टे होतात.

मंडळाचं कार्यालय रोज सायंकाळी ७ ते ९ उघडं असतं. देणगीची पावती जागेवर मिळेल.

आपले नम्र,
अध्यक्ष व कार्यकारिणी